भारतीय स्पर्धा आयोगास खुले पत्र: ‘आधी बोंड फोडून पाहा’ सांगणारे पान खाली का जाते?

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग,
नवी दिल्ली

विषय: गूगलसारख्या शोधयंत्राच्या वर्चस्वाची चौकशी करताना गावातल्या लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याचीही बाजू ऐकावी.

महोदया, महोदय,

हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून लिहितो आहे. आम्ही काही कास्तकार आणि गावातली शिकलेली पोरे मिळून कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर मराठीत एक छोटे संकेतस्थळ चालवतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत त्या त्या आठवड्यात वावरात काय पाहायचे, कशाची घाई करायची आणि कशाची नाही, एवढेच त्यावर असते. आम्हाला काही विकायचे नाही आणि जाहिरातीही आम्ही घेत नाही. त्यामुळे नुकसानभरपाई मागायला हे पत्र नाही. शोधयंत्राच्या मक्तेदारीवर आजवर तुमच्याकडे ज्या तक्रारी आल्या, त्या बहुतेक कंपन्यांनी कंपन्यांविरुद्ध केलेल्या होत्या. त्यांत आमच्यासारखे लोक कुठे बसतच नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. सगळ्यांच्या वाटेवर एकच शोधयंत्र बसले की लिहिणारा वाचकाला सोडून यंत्रासाठी लिहू लागतो. वाचणाराही आपला खरा प्रश्न बाजूला ठेवतो आणि यंत्राला समजेल असा प्रश्न विचारू लागतो. दोघेही बदलतात, पण पैसा हातोहात फिरत नाही, म्हणून त्याची तक्रार घेऊन कुणी तुमच्या दारात येत नाही.

गुलाबी बोंडअळीचेच घ्या. आमच्याकडे कपाशी लावणाऱ्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी रडवले आहे. तिच्यावरचा सल्ला सोपा आहे, पण त्याला क्रम आहे. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे सापळे, लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा त्याहून जास्त पतंग अडकले, तर उपायाची वेळ आली असे समजायचे. फुले लागली की डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटलेलीच राहिलेली फुले, शोधून खुडायच्या आणि नष्ट करायच्या. बोंडे धरली की वावरात आडवेतिडवे फिरून वीस हिरवी बोंडे तोडायची आणि एकेक फोडून पाहायचे. दोन बोंडांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के झाले, मग फवारणीचा विचार करायचा. अळी आत शिरली की तिचे छिद्र बुजते आणि बाहेरून बोंड हिरवेगार, धडधाकट दिसते. म्हणून ते फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहेत.

हे सगळे आम्ही एका पानावर नीट मांडले. शीर्षक दिले, ‘बोंडअळी: फवारण्याआधी बोंड फोडून पाहा’. शोधात ते पान कुठे दिसेना, तेव्हा अमरावतीच्या एका जाणकार पोराला विचारले. संकेतस्थळे निकालांत वर आणून देणे हा त्याचा धंदा आहे. त्याने पान पाहिले आणि सांगितले, शीर्षक बदला. ‘गुलाबी बोंडअळी नियंत्रण, सर्वात प्रभावी औषध, संपूर्ण माहिती मराठी’ असे करा आणि मागे चालू साल लावा. मजकूर तिप्पट वाढवा. ‘गुलाबी बोंडअळी म्हणजे काय’, ‘गुलाबी बोंडअळीवर सर्वात चांगले औषध कोणते’ असे प्रश्नच उपशीर्षके म्हणून टाका. औषधांची नावे पहिल्या परिच्छेदात आणा आणि सापळ्यांचे, बोंडे फोडायचे खाली न्या. पानावरची तारीख दर महिन्याला पुढे सरकवा.

पोरगा मनाचा चांगला होता, पैसेही घेतले नाहीत. निघताना म्हणाला, ‘भाऊ, लोकं औषध सर्च करतात. बोंड फोडणं कोणी सर्च करत नाही.’

तो म्हणाला ते अक्षरशः खरे आहे, आणि मला तुमच्यापुढे नेमके तेच ठेवायचे आहे. लोक औषध शोधतात म्हणून औषधाचे पान वर येते. वर असते म्हणून त्यावर बोट पडते. कुणी कशावर बोट ठेवले याच्या नोंदी क्रम ठरवताना वापरल्या जातात, हे अमेरिकेतल्या गूगलवरच्या खटल्यात पुराव्यानिशी पुढे आले आहे. म्हणजे बोट पडते म्हणून ते पान पुन्हा वरच राहते. आणि ‘अजून थांब, आधी पाहा’ म्हणणारे पान, जे कास्तकाराची एक आख्खी फवारणी वाचवू शकते, ते इतके मागे पडते की तिथवर गावातले कुणी जात नाही. त्यात औषध विकणाऱ्याकडे पान वर आणायला पैसा असतो. औषध घेऊ नको म्हणणाऱ्याकडे तो कुठून येणार?

आज मराठीत शेतीवर काहीही शोधा, सुरुवात सगळीकडे सारखी सापडेल. ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो, आजच्या या लेखात आपण सविस्तर माहिती पाहणार आहोत.’ मग बोंडअळी म्हणजे काय हे चार परिच्छेद, जसे काही कास्तकाराने ती कधी पाहिलीच नाही. मग जाहिरात, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला जोडून घ्यायचे बटन, मग पुन्हा जाहिरात. कामाचे वाक्य असलेच तर तळाशी. शीर्षकातले साल दर जानेवारीत बदलते, आतला मजकूर तोच राहतो, आणि जुलैत लागणारा सल्ला नोव्हेंबरातही नवा म्हणून पुढे येतो. ही पाने लिहिणारे लोक कुणी परके नाहीत. वणी, दिग्रस, कारंजा, चिखली इथली आमचीच पोरे आहेत, डी.एड., बी.एड. करून वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणारी. त्यांना लिहिता येते. वावर त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. पण जे पाहिले ते लिहून काही मिळत नाही आणि यंत्राला चालते ते लिहून महिन्याकाठी थोडेफार हाती पडते. त्यांना नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आमच्या भागातले इतके लिहिते हात एकाच साच्यात जाऊन बसले, याचे मला फार वाईट वाटते.

गूगलने ऑगस्ट २०२२ मध्ये माणसांसाठी लिहिलेला मजकूर वर आणण्यासाठी बदल केल्याचे जाहीर केले होते. हेतू योग्यच होता. पण माणसांसाठी लिहिलेले म्हणजे काय, हे ठरवणारा पुन्हा तोच एक आणि ते मोजायची रीत त्याच्याच कपाटात. मग सगळेजण अंदाज बांधतात आणि त्या अंदाजाप्रमाणे लिहू लागतात. ‘माझा स्वतःचा अनुभव’ असे सांगणारी पाने मग भराभर वाढली, आणि त्यातल्या कितीएकांनी कापसाला हातही लावलेला नसावा असे ती वाचताना वाटते.

तुमच्या आयोगाला इंग्रजीत थोडक्यात सीसीआय म्हणतात. आमच्या भागात मात्र सीसीआय म्हटले की भारतीय कापूस महामंडळाचे खरेदी केंद्र डोळ्यांपुढे येते. तिथे कास्तकाराचे हाल होत नाहीत असे मी म्हणणार नाही. रांगा लागतात, गाड्या अडकून पडतात, प्रतीवरून भांडणे होतात. पण गाडीतल्या कापसात मीटर खुपसून ओलावा मोजला जातो तो त्याच्या डोळ्यांसमोर. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, बाराच्या वर खरेदी नाही, हे अडाणी माणसालाही तोंडपाठ असते. आकडा पटला नाही तर तो पुन्हा मोजायला लावतो, ग्रेडरशी हुज्जत घालतो, बाजार समितीत जाऊन बसतो. शोधाच्या निकालात क्रम लावणारा ग्रेडर कुणाला दिसत नाही, मीटर दिसत नाही आणि टक्काही माहीत नसतो. ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत आमची बरीच पाने निकालांतून एकाएकी खाली गेली. कोणत्या शोधयंत्रात ते इथे लिहीत नाही, कारण भांडण एका प्रसंगाचे नाही. कारण विचारायला गेलो तर समोर इंग्रजीतल्या सर्वसाधारण सूचना होत्या. आमच्या पानाबद्दल त्यांत एक ओळ नव्हती आणि बोलायला माणूसही नव्हता. हंगाम संपल्यावर त्यातली काही पाने आपोआप वर आली. तोवर कापूस घरात आला होता.

आता वाचणाऱ्याकडे येतो. माझ्या मते जास्त नुकसान तिथे आहे.

गावात आता टाइप करणे कमी आणि बोलणे जास्त. माणूस फोन तोंडापुढे धरतो आणि विचारतो. पहिल्यांदा तो आपल्या रीतीने विचारतो, ‘पऱ्हाटीचे पानं लाल होऊन रायले, काय करू?’ येणारे निकाल बरेचदा दुसऱ्या राज्यातले, हिंदीतले, नाहीतर खते-औषधे विकणाऱ्या दुकानांचे असतात. असे काही वेळा झाले की तो शहाणा होतो. पुढच्या वेळी फक्त ‘कापूस लाल रोग दवा’ एवढेच म्हणतो आणि समोर भराभर बाटल्या येतात. कपाशीची पाने लाल पडतात त्याला आम्ही लाल्या म्हणतो, आणि त्याची कारणे एक नाहीत. मॅग्नेशियम कमी पडलेले असेल, बोंडे पोसताना नत्र कमी पडले असेल, पानाखाली तुडतुडे असतील, पाणी साचले असेल किंवा नुसती रात्रीची थंडी वाढलेली असेल. ‘काय करू’ या प्रश्नाला ‘आधी पान उलटून पाहा, मग जमीन पाहा’ असे उत्तर देता येते. ‘दवा’ विचारली की उत्तरात दवाच येते. आपली अडचण सांगणारा माणूस गिऱ्हाईक होऊन बसतो आणि त्याला ते कळतही नाही.

हाच प्रश्न तो आधी कृषी सहायकाला नाहीतर शेजारच्या जाणत्या कास्तकाराला विचारायचा. तो उलट विचारायचा, पेरणी कधीची, वाण कोणते, युरिया कधी टाकला, बाजूच्या वावरात काय आहे. कृषी केंद्राचा दुकानदार तेव्हाही बाटलीच विकायचा, हे मला चांगले ठाऊक आहे. पण तालुक्याच्या गावी कृषी केंद्रे बरीच होती. एकाचे पटले नाही की माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढायचा, आणि त्या धाकाने पहिला दुकानदार थोडा तरी जपून बोलायचा. तुमचा कायदा ज्याला स्पर्धा म्हणतो ती आमच्याकडे अशीच दिसायची.

फवारणीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो. एका वावराच्या धुऱ्यावर एक मजूर पोरगा औषध कालवत होता. बॅटरीवरचा, वीस लिटरचा पंप. हातात झाकणाने मोजलेले औषध आणि दुसऱ्या हातात फोन. मी विचारले, ‘दहा लिटरले का पंपाले?’ त्याने फोन पुढे केला, ‘पंपाले लिवलं ना भाऊ, हे पाहा.’ निकालाच्या वरच्या चौकटीत मिलिलिटरचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. पंप नव्हता आणि लिटरही नव्हते. चौकटीने ज्या पानावरून तो आकडा उचलला होता ते आम्ही उघडले. मात्रा प्रति १० लिटर पाण्याची होती आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिले होते की ती साध्या पंपासाठी आहे, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपासाठी तिप्पट घ्यावी. ती ओळ चौकटीत आलीच नाही. त्याच्या पंपात मात्रा निम्मीच पडणार होती. अळी मेली नसती आणि आठवड्याने तो पुन्हा पंप पाठीवर घेऊन उभा राहिला असता. याच्या उलटही होऊ शकते. पेट्रोल पंपाची तिप्पट मात्रा साध्या पंपात पडली की फवारणाऱ्याच्या अंगावर, नाकातोंडात तिप्पट विष.

२०१७ च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक कास्तकार आणि मजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा, औषधांची मिश्रणे, अंगावर कसलेच संरक्षण नाही, अशी त्याची कारणे होती. शोधयंत्राला त्यात ओढणे खोटे होईल आणि मी ते करणार नाही. पण त्या वर्षानंतर आमच्या जिल्ह्यात मात्रेचा आकडा कुणी अर्धवट सांगितला की अंगावर काटा येतो. अट गाळून आकडा पुढे करणे ही आमच्यासाठी मजकूर छोटा करण्याची साधी बाब राहिलेली नाही.

ती चौकट आता आणखी पसरली आहे. यंत्राने स्वतः लिहिलेले सारांश गूगलने ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात इंग्रजी आणि हिंदीत आणले. वाचणाऱ्याला उत्तर वरच मिळते, मग तो खाली कशाला जाईल? ज्याने वीस बोंडे फोडून, फोटो काढून, शास्त्रज्ञाकडून तपासून लिहिले, त्याच्या पानावर पाऊल न टाकता त्याचे वाक्य वापरले जाते आणि त्याला जोडलेली अट मागे सुटते. ‘मग तुम्ही नकार द्या’ असे सुचवणारे भेटतात. नकाराची आजवरची रीत पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ‘गूगल-एक्स्टेंडेड’ नावाची खूण दिली. ती लावली की आपला मजकूर त्यांच्या एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी घेऊ नये असे सांगता येते. शोधातल्या सारांशाला मात्र ती लागू होत नाही. त्यासाठी ‘नो-स्निपेट’ ही खूण आहे, आणि ती लावली की साध्या निकालाखाली दिसणाऱ्या दोन ओळीही गायब होतात. ओळी नसलेल्या निकालावर कोण बोट ठेवणार? याला मी नकाराचा अधिकार मानत नाही. तुझा मजकूर फुकट दे, नाहीतर दुकानाची पाटी उतरव, असे सांगायची ताकद ज्याला दुसरा पर्याय नाही अशालाच असते. तुमच्या कायद्यातले कलम ४, म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर मना करणारे कलम, याच ताकदीबद्दल बोलते.

पत्ता टाकून एखादे संकेतस्थळ उघडणे ही सवय आमच्याकडे लागलीच नाही. सेतू केंद्रातला पोरगासुद्धा सातबारा काढायला ‘सातबारा ऑनलाइन’ असे शोधतो आणि पीक विम्याला ‘पीक विमा यादी’. सरकारी पत्ता खाली, वर हुबेहूब दिसणारी पाने, त्यांच्यावर ‘डाउनलोड’ लिहिलेली जाहिरात. म्हातारी माणसे तर वरचे ते सरकारचे असेच धरून चालतात. बँकेचा मदत क्रमांक शोधून भामट्याला फोन लावणाऱ्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील.

विद्यापीठे आणि कृषी खात्याचाही यात वाटा आहे, हे न सांगणे बरोबर होणार नाही. चांगली पत्रके ते अजून स्कॅन करून चढवतात किंवा जुन्या फाँटमध्ये ठेवतात. ती शोधूनही सापडत नाहीत आणि ती जागा नक्कल करणारे भरतात. त्यांच्याशी आमचे भांडण वेगळे चालू आहे.

आयोगाने काही केलेच नाही असे मी म्हणत नाही. २० ऑक्टोबर २०२२ च्या आदेशात तुम्ही गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला आणि त्याच आदेशात सांगितले की नवा फोन सुरू करताना कोणते शोधयंत्र हवे हे वापरणाऱ्याला निवडू द्या. दंडही राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये कायम केला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने भारतात तशी निवड देण्याचे जाहीर केले. पण गावात फोन सुरू कोण करतो? मोबाइलच्या दुकानातला पोरगा. गिऱ्हाईक समोर उभे असते, तो डबा फोडतो, सिम टाकतो, खाते उघडून देतो, व्हॉट्सअ‍ॅप आणि यूट्यूब लावून देतो आणि काच पुसून फोन हातात देतो. मधे जो पडदा येतो त्यावर जे वर असेल, नाहीतर त्याच्या ओळखीचे असेल, त्यावर त्याचे बोट पडते. ज्याच्यासाठी तुम्ही तो पडदा आणवला, त्याच्या नजरेला तो पडतही नाही. हे दिल्लीत बसून दिसणार नाही, पण राळेगावच्या कुठल्याही मोबाइल दुकानात अर्धा तास उभे राहिले की दिसते.

८ फेब्रुवारी २०१८ चा तुमचा आदेश मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १३५.८६ कोटींचा दंड, निकालांच्या मांडणीत पक्षपात केल्याबद्दल. तक्रारी २०१२ च्या होत्या, एक विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळाच्या कंपनीची आणि एक जयपूरच्या कट्स या ग्राहक संस्थेची. त्या आदेशात तुम्ही मान्य केले की शोध फुकट नाही, वापरणारा आपले लक्ष आणि आपली माहिती देऊन त्याची किंमत चुकवतो. हे तत्त्व तुम्हीच घालून दिले आहे. धुऱ्यावरचा तो पोरगा या हिशेबाने तुमचा ग्राहक आहे. त्याने किंमत दिली, मग त्याला मिळालेला माल कसा होता याची तपासणी कुणी करायची?

दर्जा मोजता येत नाही असा बचाव कुणी करील. तो टिकणारा नाही. अमेरिकेत ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्वसाधारण शोधाच्या बाजारात गूगल मक्तेदार असल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरवर आपलेच शोधयंत्र आधीपासून ठेवले जावे म्हणून कंपनीने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले होते, हे त्या निकालात आहे आणि त्याची चर्चाही खूप झाली. त्याच निकालात २०२० मधल्या कंपनीच्या स्वतःच्या एका अभ्यासाचा उल्लेख आहे. शोधाचा दर्जा बराच घसरवला तरी शोधातून येणारे उत्पन्न घटणार नाही, असे त्यात दिसले होते. म्हणजे दर्जा मोजता येतो, तो मोजलाही गेला आहे, आणि तो घसरला तरी माणूस दुसरीकडे जाणार नाही हेही मोजून पाहिले आहे. तिथला वापरणारा निदान इंग्रजीत शोधतो. मराठीत, त्यातही बोलून शोधणाऱ्याला काय मिळते, हे मोजण्यात कंपनीचा कोणता फायदा आहे?

बातम्यांच्या बाबतीत डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून तुम्ही जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचे आदेश दिले. मोठी वर्तमानपत्रे आपली बाजू मांडायला समर्थ आहेत, त्यांच्याकडे वकील आहेत. महिन्याकाठी डोमेनचे आणि होस्टिंगचे पैसे खिशातून भरणाऱ्या मराठी संकेतस्थळांची संघटना नाही आणि त्यांच्या वाचकांची तर कधी होणारही नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा पुढे ठेवला. त्यातल्या सेवांच्या यादीत ऑनलाइन शोधयंत्रे आहेत. विधेयक यायचे तेव्हा येवो. कलम १९ ने तुम्हाला तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून चौकशी सुरू करण्याचा अधिकार आजच दिलेला आहे, आणि जानेवारी २०२० मध्ये ई-कॉमर्सवर केलात तसा बाजार अभ्यास करायलाही कुणाची हरकत नसावी.

तो अभ्यास शोधावर करा आणि तो भारतीय भाषांत करा, ही माझी पहिली विनंती. औषधाची मात्रा, पीक विमा, कर्जमाफी, दवाखाना, बँकेचा क्रमांक, अशा गावातल्या खऱ्या गरजेच्या शोधांवर काय वर येते, त्यातली जाहिरात कोणती हे साध्या माणसाला ओळखू येते का, मूळ पानावरची अट वरच्या चौकटीत टिकते का, हे आमच्या जिल्ह्यात बसून तपासा. सारांशाला नकार देण्याची सोय निकालातल्या जागेपासून वेगळी करायला लावा. एखादे संकेतस्थळ एकदम खाली ढकलले गेले तर कारण त्याच्या भाषेत, त्याच्या पानाबद्दल, ठरलेल्या मुदतीत मिळावे आणि त्यावर दाद मागायला माणूस असावा. क्रमाचे गुपित उघडे करा असे आम्ही म्हणत नाही. ते उघडे झाले तर औषध विकणारेच त्याचा पहिला फायदा घेतील, हे आम्हालाही कळते. आणि शोधयंत्र निवडण्याचा तो पडदा फोन घेतल्यानंतर महिन्याभराने पुन्हा एकदा, मराठीत आणि बोलून दाखवणारा, फोन ज्याच्या हातात आहे त्याच्यापुढे यावा. मोबाइल दुकानातल्या पोराने आधी काय निवडले होते ते त्याला तेव्हा तरी कळेल.

यवतमाळला किंवा अकोल्याला सुनावणी ठेवलीत तर आम्ही येऊ. आमच्या पानांच्या भेटींच्या मागच्या काही हंगामांच्या नोंदी देऊ, कोणता प्रश्न विचारून माणूस आमच्याकडे आला आणि कोणत्या प्रश्नाला तो येईनासा झाला हेही त्यात आहे. जुन्या आणि बदललेल्या शीर्षकांची पाने शेजारी ठेवून दाखवू. कृषी सहायक, सेतू केंद्र चालवणारे, मोबाइल दुकानदार आणि फवारणी करणारे मजूर यांना सोबत आणायची जबाबदारी आमची. त्यांचे म्हणणे वऱ्हाडीत ऐकून घेणारा दुभाषी तेवढा तुम्ही आणा. तारीख एप्रिल-मेमधली द्यावी. पेरणी लागली की कुणाचा पाय वावरातून निघणार नाही.

आपला,
एक कास्तकार आणि मराठी संकेतस्थळ चालवणारा
तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ